खातं परभणीत, माणूस परमुलखात

आखातात नोकरी करणाऱ्या परभणीच्या माणसाचं गावाशी नातं कशात टिकून राहतं, असं विचारलं तर लोक आई-वडील, घर, मशीद, कब्रस्तान अशी उत्तरं देतील. बँकेच्या खात्याचं नाव कोणी घेणार नाही. पण जिद्दा, दोहा किंवा शारजाहहून महिन्याच्या महिन्याला गावाकडे जे येतं ते या खात्यातूनच येतं. बहिणीचं लग्न, घरावरचा स्लॅब, शेतातली बोअर, वडिलांचा दवाखाना, सगळे पैसे तिथूनच निघतात. माणूस वीस-पंचवीस वर्षं बाहेर काढतो, खातं मात्र परभणीच्या एखाद्या शाखेतच राहतं.

या साध्या गोष्टीमागे मोठा इतिहास आहे. परभणीची माणसं सरहद्दी ओलांडून बाहेर गेली, तशा सरहद्दीही परभणीच्या माणसांवरून सरकत गेल्या. एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत इथलं चलन बदललं, बँक बदलली, राज्य बदललं आणि कायदाही बदलला. जागचे न हललेले लोक नव्या देशाचे नागरिक झाले आणि हललेले काही लोक कायद्याच्या भाषेत आधी ‘निर्वासित’ आणि मग थेट ‘शत्रू’ ठरले. या प्रत्येक टप्प्यावर सरकारने माणसाला विचारलेला प्रश्न एकच होता : तुझा पैसा कुठे आहे?

मनमाडच्या पलीकडे परमुलूख

हैदराबाद संस्थानात परभणी हा औरंगाबाद सुभ्यातला जिल्हा होता. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता आणि १ मे १९९९पर्यंत तो परभणीतच राहिला. निजामाच्या मुलखाला लोक ‘मोगलाई’ म्हणत आणि इंग्रजांच्या मुलखाला ‘खालसा’. १९००च्या सुमारास सिकंदराबादहून मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली. परभणी त्याच मार्गावर आलं आणि मुंबई आवाक्यात आली. पण मनमाड हे नाशिक जिल्ह्यातलं, म्हणजे खालशातलं स्टेशन. मोगलाईतून तिकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर संस्थानाची जकात होती. तिच्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. म्हणजे मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेला परभणीचा माणूस व्यवहाराच्या दृष्टीने परमुलखातच गेलेला असे.

खिशातला रुपयाही बदलत असे. संस्थानाचा स्वतःचा रुपया होता, ‘हाली सिक्का’. पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाने तो ‘उस्मानिया सिक्का’ म्हणून ओळखला गेला. त्यावर चारमिनारची आकृती असे. १९१८च्या कायद्याने हैदराबादने स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. इतर संस्थानांच्या तुलनेत ही मोकळीक अपवादात्मक होती. इंग्रजी रुपयाला लोक ‘कलदार’ म्हणत. दोघांचा ठरलेला भाव असा : १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सोप्या हिशेबात सांगायचं तर सहा कलदार म्हणजे सात हाली.

हा हिशेब परभणीत फक्त कागदावरचा नव्हता. सेलू, मानवत, परभणी हे कापसाचे बाजार. कापसाचा भाव मुंबईत कलदारात ठरे आणि शेतकऱ्याच्या हातात पडे तो हाली रुपया. मुंबईहून सहा रुपये पाठवणाऱ्याच्या घरी सात रुपये पोहोचायला हवेत, पण मधल्या माणसाचा बट्टा आणि हुंडणावळ वजा होऊनच ते पोहोचत. दोन चलनांच्या मध्ये उभा असलेला माणूस, म्हणजे सराफ, पेढीवाला, अडत्या, हाच त्या काळचा ‘परदेशी चलन विभाग’ होता.

सराफ, सुफ्तजा आणि हुंडी

सराफ हा शब्द अरबी ‘सर्राफ’वरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ नाणी बदलून देणारा असा आहे. मराठीत त्याचा अर्थ सोन्या-चांदीचा व्यापारी असा झाला, तरी धंद्याचं मूळ तेच. पैसा एका गावात ठेवून दुसऱ्या गावात उचलायची सोय इस्लामी जगात फार जुनी आहे. अशा चिठ्ठीला ‘सुफ्तजा’ म्हणत आणि पैसे देण्याच्या लेखी आदेशाला ‘सक्क’. इंग्रजीतला ‘चेक’ याच शब्दाशी जोडला जातो. अकराव्या शतकातला फारसी प्रवासी नासिर खुसरो बसऱ्याच्या बाजाराचं वर्णन करताना सांगतो की, तिथे व्यापारी आपला ऐवज सराफाकडे ठेवतात, त्याची पावती घेतात आणि शहरात असेपर्यंत सराफाच्या चिठ्ठीवरच खरेदी करतात. त्याआधी दहाव्या शतकात इब्न हौकल या भूगोलकाराने सहाराच्या वाळवंटातल्या औदागोस्त गावी ४२ हजार दिनारांचा सक्क पाहिल्याची नोंद केली आहे.

आपल्याकडच्या हुंडीचं काम हेच होतं. दाखवताच पैसे मिळणारी ती दर्शनी हुंडी आणि ठरलेल्या मुदतीनंतर मिळणारी ती मुदती हुंडी. परभणीचा कापूस आणि मुंबईचा पैसा यांच्यामध्ये अशाच कागदांची ये-जा असे. हे खातं बँकेचं नव्हतं, पेढीच्या वहीतलं होतं. त्याला सरकारी कायद्याचा आधार कमी आणि ओळखीचा आधार जास्त. ओळख असेपर्यंत ते चालत असे आणि ओळख तुटली की वहीतलं नावही पुसलं जात असे.

सरकारी बँक संस्थानात उशिरा आली. १९४१ साली हैदराबाद स्टेट बँकेचा कायदा झाला आणि ५ एप्रिल १९४२ला हैदराबादच्या गनफाउंड्री भागात बँकेचं काम सुरू झालं. उस्मानिया चलनाची व्यवस्था आणि सरकारी खजिन्याचा व्यवहारही तिच्याकडेच होता. पुढे मराठवाड्यातल्या तीन पिढ्यांनी जिच्याकडे पगार, पेन्शन आणि पीककर्जासाठी फेऱ्या मारल्या ती ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ हीच. १९५६ साली तिला हे नाव मिळालं, १९५९ साली ती भारतीय स्टेट बँकेची उपबँक झाली आणि १ एप्रिल २०१७ला तिच्यात विलीन झाली. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्यातून बाहेर पडला, तरी परभणीकरांच्या पासबुकावर ‘हैदराबाद’ हा शब्द पुढे साठ वर्षं टिकून राहिला.

चाऊसांचं घर हदरमौतात

खातं मायदेशी आणि माणूस परदेशी, या गोष्टीचा एक जुना नमुना परभणी-नांदेड-औरंगाबाद भागात उलट्या दिशेने घडला. इथले चाऊस हे मूळचे हदरमौतचे, म्हणजे आजच्या येमेनमधल्या दक्षिण किनाऱ्याकडच्या मुलखातले अरब. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ते दख्खनच्या फौजांत सैनिक म्हणून आले. निजामाच्या राज्यात खजिन्याची राखण, वसुली, किल्ल्यांवरचा पहारा ही कामं त्यांच्याकडे असत आणि काही जण सावकारीही करत. इथे त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, भाषा बदलली. पण कमाईचा एक हिस्सा समुद्रापलीकडे घरी जात राहिला.

या पैशाने तिकडे काय केलं, त्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे कुऐती घराणं. उमर बिन अवद हा हैदराबादच्या फौजेतला जमादार. इथे मिळवलेल्या संपत्तीच्या जोरावर त्याच्या मुलांनी १८६०च्या दशकात शिहर बंदर ताब्यात घेतलं आणि १८८१मध्ये मुकल्ला. दख्खनच्या पगारातून अरबस्तानात एक सल्तनत उभी राहिली आणि तिचे सुलतान पुढेही हैदराबादचे जमादार म्हणवले गेले. सामान्य चाऊसाची गोष्ट एवढी मोठी नव्हती, पण तिची दिशा हीच होती. नोकरी परभणीच्या बाजूला, घर समुद्रापलीकडे.

हदरमौतच्या लोकांची दुसरी कमाई जावा-सिंगापूरकडून येई. दुसऱ्या महायुद्धात जपानने तो भाग घेतला, पैसा थांबला आणि १९४३-४४मध्ये हदरमौतात भीषण दुष्काळ पडला. १९४८मध्ये हैदराबादकडचा ओघही आटला. पोलिस अ‍ॅक्शननंतर भारत सरकारने संस्थानातल्या हजारो अरबांना नजरकैदेत टाकलं आणि अनेकांना एडनमार्गे परत पाठवलं. कित्येकांचा जन्म दख्खनमधला होता. त्यांना जिथे ‘परत’ पाठवलं तो मुलूख त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. वाडवडिलांचं घर ज्या देशात आहे तो तुझा देश, असा हा हिशेब होता. तीस वर्षांनी त्यांच्याच नातवंडांपैकी काही जण नोकरीसाठी पुन्हा अरबस्तानात गेले. या वेळी पैसे उलट्या दिशेने, मराठवाड्याकडे येऊ लागले.

लंडनचं खातं

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा हैदराबादमध्ये शिरल्या आणि पाच दिवसांत संस्थान पडलं. त्याआधी रझाकारांनी गावोगाव हिंदूंवर जुलूम केला होता. त्यानंतर मुसलमानांची कत्तल झाली. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. तो अहवाल सामान्य वाचकाला मिळायला २०१३ साल उजाडलं.

याच दिवसांत लंडनमध्ये एका खात्यातून पैसे हलले. हैदराबाद सरकारचे अर्थमंत्री आणि परराष्ट्र व्यवहार पाहणारे मोईन नवाज जंग यांच्या सूचनेवरून २० सप्टेंबरला वेस्टमिन्स्टर बँकेतले १० लाख ७ हजार ९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुला यांच्या नावे झाले. आठवडाभरात निजामाने बँकेला कळवलं की हा व्यवहार आपल्या परवानगीने झालेला नाही, पैसे परत करा. बँकेने पैसे कोणालाच दिले नाहीत.

१९५४मध्ये निजाम कोर्टात गेले. १९५७मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की, पाकिस्तान हा सार्वभौम देश आहे, त्याच्या संमतीशिवाय त्याच्यावर हा खटला चालवता येणार नाही. खातं गोठलं ते तब्बल ५६ वर्षं. निजाम १९६७मध्ये वारले. २०१३मध्ये पाकिस्तानने स्वतःच दावा दाखल केला आणि त्याबरोबर आपलं सार्वभौमत्वाचं संरक्षण गमावलं. २ ऑक्टोबर २०१९ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला : पैशाचे खरे मालक सातवे निजाम होते. त्यांचे नातू मुकर्रम जाह आणि मुफ्फखम जाह यांनी भारत सरकारबरोबर एका बाजूने हा दावा लढवला होता, त्यामुळे रक्कम या बाजूला मिळाली. दहा लाखांचे तोवर साडेतीन कोटी पौंड झाले होते.

हा खटला वर्तमानपत्रांत निजामाच्या श्रीमंतीची गंमत म्हणून छापला गेला. त्यातली खरी गोष्ट मात्र साधी आहे. खात्याचा कागद होता, मालकाने आठवड्याच्या आत लेखी हरकत घेतली होती आणि ७१ वर्षं दावा सांगणारं कोणी ना कोणी जिवंत होतं. म्हणून पैसा बुडाला नाही.

कराचीला गेलेल्यांचं काय झालं

त्याच वर्षांत मराठवाड्यातून किती तरी कुटुंबं कराचीला गेली. कोणी भीतीने, कोणी नोकरी गेल्यामुळे, कोणी भाऊ गेला म्हणून. त्यांच्यामागे राहिलेली जमीन, घर, दुकान यांचं काय करायचं, यासाठी १९५०चा ‘निर्वासित मालमत्ता प्रशासन कायदा’ होता. १ मार्च १९४७नंतर फाळणीमुळे किंवा दंगलींमुळे देश सोडून गेलेला माणूस ‘इव्हॅक्युई’ आणि त्याची मालमत्ता कस्टोडियनकडे. सीमेपलीकडे हिंदू आणि शीख कुटुंबांच्या मालमत्तेबाबत पाकिस्ताननेही असाच कायदा केला होता.

या व्यवस्थेतला सर्वांत बोचरा शब्द होता ‘इंटेंडिंग इव्हॅक्युई’, म्हणजे जाण्याच्या बेतात असलेला. १९४९च्या वटहुकुमात त्याची व्याख्या होती. आपली मालमत्ता किंवा तिचा काही भाग पाकिस्तानात हलवणं हा त्यातला एक निकष. माणूस इथेच आहे, मतदार आहे, कर भरतो आहे, पण त्याच्या पैशाने सीमा ओलांडली तर त्याचा इरादाही ओलांडला, असं सरकार समजत असे. घर विकायला काढलं तरी शेजारी कुजबुजत. १९५३मध्ये ही तरतूद रद्द झाली आणि ७ मे १९५४नंतर कोणतीही नवी मालमत्ता निर्वासितांची म्हणून जाहीर करायची नाही असं ठरलं. तोवर एका पिढीला व्यवहाराबाबत गप्प राहायची सवय लागून गेली होती.

दोन्ही सरकारांना हे कळत होतं की घर हलवता येत नाही, पण ठेव हलवता येते. जंगम मालमत्तेबद्दल १९५०मध्ये करार झाला. १९५४मध्ये भारताने निर्वासितांच्या ठेवी हस्तांतरित करण्याचा स्वतंत्र कायदा केला. न्यायालयं आणि कोर्ट ऑफ वॉर्ड्ससारख्या अधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या अनामत रकमा एकमेकांना देण्यासाठी तो होता. कायदे झाले, पण त्यांचा फायदा घ्यायला पावती लागे, अर्ज लागे, सरकारी कचेरीत जायची हिंमत लागे. ज्याने सप्टेंबर १९४८मध्ये रात्रीतून गाव सोडलं त्याच्याकडे यातलं काय असणार?

मग १९६५चं युद्ध आलं. १० सप्टेंबर १९६५च्या अधिसूचनेने पाकिस्तानी नागरिकांची भारतातली स्थावर मालमत्ता, लॉकर, सेफ डिपॉझिट, शेअर आणि कर्जरोखे हे सगळं शत्रू मालमत्ता अभिरक्षकाकडे गेलं. त्याचं मुख्य कार्यालय तेव्हा मुंबईत होतं. १९६८मध्ये शत्रू मालमत्ता कायदा झाला. ताश्कंद करारात अशा मालमत्तेच्या परतीची चर्चा करायचं ठरलं होतं, ती परत कधी झाली नाही आणि पाकिस्तानने आपल्याकडची मालमत्ता विकून टाकली. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महमूदाबादच्या राजांच्या खटल्यात भारतीय नागरिक असलेल्या वारसाच्या बाजूने निकाल दिला. २०१७च्या दुरुस्तीने तोही रस्ता बंद केला. वडील पाकिस्तानी झाले असतील तर भारतात जन्मलेला, भारतातच राहिलेला मुलगाही आता त्या मालमत्तेचा वारस होऊ शकत नाही.

लंडनच्या खात्याच्या बाजूला हे ठेवून पाहावं. एका बाजूला बादशहाची ठेव, तिच्यासाठी तीन पक्षांचे वकील आणि सत्तर वर्षांचा धीर. दुसऱ्या बाजूला दुकानदाराची, मौलवीची, पोलिस जमादाराची ठेव आणि वहीत फक्त एक नाव. सीमा दोघांच्याही पैशांवरून गेली. टिकला तो कागद सांभाळलेल्याचा पैसा.

आखातात चालणारा रुपया

आखाताशी आपलं नातं तेलाच्या आधीपासूनचं आहे. कुवेत, बहरीन, कतर, दुबई, मस्कत इथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपयाच चालत असे. त्या रुपयांनी सोनं घेऊन ते चोरून भारतात आणायचा धंदा वाढला तेव्हा १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. लोक त्यांना ‘गल्फ रुपया’ म्हणू लागले. त्याच काळात हाजींसाठीही खास नोटा निघाल्या. दहा आणि शंभर रुपयांच्या त्या नोटांवर ‘हज’ असं छापलेलं असे आणि क्रमांकाआधी ‘एचए’ ही अक्षरं. त्या सौदीत बदलून मिळत. हजला जाणारा परभणीचा शेतकरी बहुधा आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं परकीय चलन हाताळत असे, तेही भारतीय रुपयाच्याच रूपात.

कुवेतने १९६१मध्ये स्वतःचं दिनार आणलं. ६ जून १९६६ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतर व दुबईसारख्या अमिरातींनीही रुपया सोडला. मस्कतमध्ये तो १९७०पर्यंत तग धरून होता. १९७३मध्ये तेलाचे भाव चढले आणि ज्या किनाऱ्यावर आपला रुपया चालत होता त्याच किनाऱ्यावर आपला माणूस दिरहम आणि रियाल कमवायला गेला. कोकणातून जितके गेले तितके मराठवाड्यातून गेले नाहीत. पण हैदराबादच्या नातेवाइकांमुळे, चाऊसांच्या जुन्या ओळखींमुळे आणि दुष्काळाच्या दट्ट्याने परभणी-नांदेडचेही गवंडी, ड्रायव्हर, वायरमन, टेलर विमानात बसले.

सरकारला परकीय चलन हवं होतं. त्यासाठी १९७०मध्ये अनिवासी भारतीयांचं एनआरई खातं सुरू झालं. कमाई बाहेरची, खातं इथलं, आणि हवं तेव्हा पैसा परत नेण्याची मुभा. पण १९७३चा फेरा कायदा इतका कडक होता आणि बँकेचा ड्राफ्ट पोहोचायला इतके आठवडे लागत की बहुतेकांनी हवालाच पत्करला. हवाला म्हणजे जुन्या सुफ्तजाचाच भाऊ, फक्त आता तो बेकायदा होता. पैसे दुसऱ्या दिवशी घरी पोहोचत, पण पुरावा मागे राहत नसे. वीस वर्षं पाठवलेल्या पैशातून वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर प्लॉट घेतला गेला आणि पुढे वाटणी निघाली तेव्हा कमावणाऱ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. मुस्लिम मोहल्ल्यांतली अर्धी भांडणं अशाच प्लॉटांची आहेत, हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही?

१ जून २०००पासून फेराच्या जागी फेमा आला. फेराचं उल्लंघन फौजदारी गुन्हा होता, फेमात ते दिवाणी स्वरूपाचं झालं. पैसा पाठवणं सोपं झालं. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२३-२४मध्ये परदेशातल्या भारतीयांनी सुमारे ११८.७ अब्ज डॉलर देशात पाठवले आणि त्यात सर्वाधिक वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा होता. त्यात मोठा भाग मुंबई-पुण्याचा, हे खरंच. पण परभणीच्या बाजारातलं सिमेंट, लोखंड आणि शाळेची फी यातही थोडा रियाल मिसळलेला आहे.

आजचा नियम काय सांगतो

नोकरीसाठी देश सोडला की तुमचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावं लागतं. गावचं भाडं, शेतीचं उत्पन्न, पेन्शन अशी इथली मिळकत एनआरओमध्ये येते. त्यातून करभरणा करून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. बाहेरची कमाई एनआरईमध्ये ठेवता येते, तिच्यावरचं व्याज करमुक्त असतं आणि रक्कम परत नेण्यावर मर्यादा नाही. ज्यांना व्याजच नको आहे त्यांना ही दोन्ही खाती चालू खातं म्हणूनही उघडता येतात. बचत खात्यात व्याज जमा झालंच तर ते स्वतः न वापरता, सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूला द्यावं, असा सल्ला बरेच उलेमा देतात.

नियमात जुन्या इतिहासाची सावली अजून दिसते. पाकिस्तानच्या नागरिकाला भारतात खातं उघडायला रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागते. २०१८मध्ये सवलत मिळाली ती पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन अल्पसंख्याकांना. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर इथे राहत असतील तर ते एक एनआरओ खाते उघडू शकतात. लग्न होऊन कराचीहून मराठवाड्यात आलेली आणि नागरिकत्वाची वाट पाहत बसलेली मुस्लिम सून या यादीत नाही.

आणि एक गोष्ट जी आपल्या घरांत सर्वांत जास्त नडते. माणूस परदेशात वारला की खात्याचं काय? दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी फिरकलं नाही तर २०१४पासूनच्या नियमाने रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती बुडत नाही, वारस नंतरही मागू शकतो, पण मागणाऱ्याला खातं आहे हे तरी ठाऊक हवं. २०२३पासून ‘उद्गम’ या पोर्टलवर अनेक बँकांमधल्या अशा ठेवी नावाने शोधता येतात.

नॉमिनी म्हणजे वारस, हा समज तर सगळीकडेच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्पष्ट केलं आहे की नॉमिनीला बँकेकडून पैसे उचलायचा हक्क मिळतो, मालकी मिळत नाही. मालकी वारसा कायद्याने ठरते. मुसलमानाच्या बाबतीत मुलं असतील तर बायकोचा आठवा हिस्सा, आईचा सहावा आणि बाकीचं मुला-मुलींचं. भाऊ नॉमिनी आहे म्हणून विधवा भावजयीला रिकाम्या हाताने पाठवणं ना कायद्यात बसतं ना शरीयतमध्ये. १ नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, त्यात बायकोचं नाव लिहायला कोणाची हरकत असू नये.

पैशाची दिशा

मुसलमानाचं मन बाहेर आहे, हा आरोप आपण तीन पिढ्या ऐकत आलो. १९४९मध्ये तो कायद्याच्या भाषेत लिहिला गेला आणि पैसा बाहेर गेला हा त्याचा पुरावा मानला गेला. तोच निकष लावायचा तर गेली पन्नास वर्षं पैसा कोणत्या दिशेने वाहतो आहे तेही पाहावं लागेल. तो रियाधहून परभणीकडे वाहतो आहे. ज्या देशात घाम गाळला तिथे मालमत्ता घेण्याची ऐपतही नाही आणि बहुतेकांना परवानगीही नाही, म्हणून ती सगळी कमाई इथल्या शाखेत, इथल्या मातीत येऊन पडते. बाहेर गेलेल्या रुपयाची नोंद सरकारने चोख ठेवली. परत आलेल्या रुपयाचं श्रेय मात्र कोणी मोजत नाही.

सरकार कसं मोजतं हे आपल्या हाती नाही. कागद नीट ठेवणं आहे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार घ्या, हे सांगणारी सूरह बकराची २८२वी आयत ही कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. ज्या समाजाला हे सांगितलं गेलं त्याच समाजाची ठेव १९४८मध्ये पावतीवाचून बुडाली आणि १९८०च्या दशकात हवाल्याच्या तोंडी हिशेबात भावाभावांत वाद झाले.

बाहेर असलेल्या प्रत्येकाने पुढच्या सुट्टीत एक काम करावं. बँकेत जाऊन खातं एनआरओ-एनआरई करून घ्यावं, नॉमिनी लावावेत, खात्यांची यादी एका कागदावर लिहून बायकोकडे द्यावी आणि कोणाचं किती देणं-घेणं आहे तेही त्यात लिहावं. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. एवढ्याला एक दुपार पुरते.